नुसता आवाज ऐकला तरी…

रात्री साडेनऊच्या सुमारास आईचा फोन येतो. "काय गं आई, काही काम होतं का?" असं विचारलं की तिचं उत्तर ठरलेलं: "काम कसलं? आवाज ऐकावासा वाटला." मग जेवलीस का, खोकला थांबला का, दार नीट लावलंस का. चार-पाच मिनिटांत बोलणं संपतं. नवीन असं काहीच कळलेलं नसतं, तरी फोन ठेवताना दिवसभर आखडलेले खांदे सैल झालेले असतात. हा सगळा मायेचा भाग, असं मी बरीच वर्षं समजत होते. माया आहेच. पण 'आवाज ऐकावासा वाटला' हे वाक्य शरीरशास्त्राच्या दृष्टीनेही किती नेमकं आहे, ते मला पुढे एका प्रयोगाबद्दल वाचताना कळलं.

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन-मॅडिसन विद्यापीठात लेस्ली सेल्टझर आणि सहकाऱ्यांनी ७ ते १२ वर्षांच्या ६१ मुलींना एका अवघड प्रसंगातून नेलं. अनोळखी मोठ्या माणसांसमोर उभं राहून बोलायचं आणि तोंडी गणितं सोडवायची. कुणाच्याही पोटात गोळा येईल असाच हा प्रसंग. त्यानंतर काही मुलींना आई प्रत्यक्ष भेटली, तिने जवळ घेतलं. काहींना आई फक्त फोनवर भेटली. उरलेल्या मुलींना एक साधा, भावना न ढवळणारा चित्रपट दाखवला. ताणाच्या वेळी वाढणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक लाळेतून मोजलं आणि जवळिकीशी संबंध असलेलं ऑक्सिटोसिन लघवीतून. आईच्या कुशीत गेलेल्या मुलींचं ऑक्सिटोसिन वाढलं, कॉर्टिसॉल उतरलं, हे अपेक्षितच होतं. मात्र फोनवर नुसता आईचा आवाज ऐकलेल्या मुलींच्या शरीरातही जवळपास तेच घडलं. हे निष्कर्ष २०१० साली प्रसिद्ध झाले.

दोन वर्षांनी याच गटाने आणखी एक प्रश्न विचारला. आईने बोलण्याऐवजी टाइप करून मेसेज पाठवले तर? प्रसंग तसाच, धीर देणारी आईच, इच्छाही तीच, फक्त आवाज नाही. या मुलींमध्ये ऑक्सिटोसिन वाढलं नाही, आणि त्यांचं कॉर्टिसॉल आईशी कसलाच संपर्क न झालेल्या मुलींइतकंच चढलेलं राहिलं.

हे प्रयोग लहान आहेत आणि फक्त मुलींवर झालेले आहेत, हे विसरून चालणार नाही. ऑक्सिटोसिनला सरसकट 'प्रेमाचं संप्रेरक' म्हणणंही मला पटत नाही, कारण प्रसंगानुसार त्याची कामं बदलतात. तरीही या निकालात एक गोष्ट दडलेली आहे जी आपण रोज अनुभवतो. 'बरी आहे' हे दोन शब्द मेसेजमध्ये नेहमी सारखेच दिसतात. फोनवर मात्र 'बरी आहे' म्हणण्याआधी घेतलेला श्वास ऐकू येतो, शेवटच्या अक्षरावर आवाज खाली गेलेला कळतो, आणि आपण लगेच विचारतो, "काय झालं?"

स्पर्शाचंही असंच आहे. आपल्या त्वचेत, विशेषतः हात आणि पाठ अशा लव असलेल्या भागात, काही मज्जातंतू असे आहेत की ते सेकंदाला साधारण १ ते १० सेंटिमीटर इतक्या संथ गतीने हात फिरवला की सर्वांत जास्त प्रतिसाद देतात. घाईने घासलं तर त्यांचा प्रतिसाद कमी होतो. आई-वडिलांना काहीही न सांगता बाळाच्या अंगावरून हात फिरवायला सांगितलं, तर त्यांचा हात आपोआप याच गतीने फिरतो, असं संशोधकांनी मोजून पाहिलं आहे. 'पाठीवरून हात फिरवणं' याचा अर्थ मराठीत धीर देणं असा झाला, तो त्वचेला आधीपासून ठाऊक होता म्हणायचा! जेम्स कोन यांनी २००६ मध्ये १६ विवाहित स्त्रियांवर केलेला प्रयोगही याच जातीचा आहे. या स्त्रिया एमआरआय यंत्रात झोपलेल्या असताना विजेचा सौम्य झटका बसण्याची शक्यता त्यांना दाखवली जायची. नवऱ्याचा हात हातात असला की मेंदूतल्या धोक्याशी जोडलेल्या भागांची धावपळ कमी व्हायची. नातं जितकं समाधानाचं, तितका हा परिणाम ठळक. अनोळखी माणसाच्या हातानेही थोडा फरक पडला, पण तो कमीच.

मग माणसं नसली की काय होतं? जॉन कासिओपो या मानसशास्त्रज्ञाने अनेक वर्षं एकटेपणाचा अभ्यास केला. एकटेपणा म्हणजे स्वभावाचा दोष नव्हे, तो भूक-तहानेसारखा शरीराने दिलेला इशारा आहे, असं ते मांडत. २०२० मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी याची चाचणी घेतली. ४० जणांना एके दिवशी १० तास माणसांपासून आणि फोनपासून दूर ठेवलं, दुसऱ्या एका दिवशी १० तास उपाशी. उपाशी असताना जेवणाची चित्रं पाहून मध्यमेंदूचा जो भाग उजळला, तोच भाग एकटं राहिल्यानंतर माणसं एकत्र असल्याची चित्रं पाहून उजळला. 'तुझी फार आठवण येतेय' असं कुणी म्हणालं की मला आता हा प्रयोग आठवतो.

ही भूक भागते की नाही, त्याचा हिशेब शरीर कुठे कुठे ठेवतं! शेल्डन कोहेन यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २७६ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब घातले, त्यांना सगळ्यांपासून वेगळं ठेवलं आणि त्यांनी वापरलेले टिश्यू कागदसुद्धा वजन करून पाहिले. जोडीदार, आई-वडील, मित्र, शेजारी, सहकारी अशा सहा किंवा अधिक प्रकारच्या नात्यांत असलेल्यांच्या तुलनेत, तीन किंवा त्याहून कमी प्रकारची नाती असलेल्यांना सर्दी होण्याचा धोका चौपटीहून जास्त निघाला. विषाणू मात्र सगळ्यांना मुद्दाम दिलेलाच होता. पुढे २०१० मध्ये १४८ अभ्यासांतल्या तीन लाखांवर माणसांची माहिती एकत्र केली गेली, तेव्हा भक्कम नाती असणाऱ्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी जास्त दिसली. आजारी माणूस एकटा पडतो हेही खरं, त्यामुळे कारण कुठलं आणि परिणाम कुठला हे नेहमीच सुटं करता येत नाही. पण मूळ प्रकृतीचा हिशेब धरूनही हा संबंध पुन्हा पुन्हा दिसत राहतो.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मानसशास्त्रज्ञ शेली गेबल यांचं काम, कारण ते अगदी रोजच्या संध्याकाळचं आहे. नात्याची परीक्षा संकटात होते असं आपण मानतो. गेबल यांनी उलट बाजूने पाहिलं: जवळच्या माणसाने चांगली बातमी आणली तर आपण काय करतो? समजा, मुलगा घरात येऊन म्हणाला, "बाबा, मला संघात घेतलं!" एक उत्तर, मोबाइलवरून नजर न उचलता, "अरे वा, छान." दुसरं, "आणि अभ्यासाचं काय? झेपणार का सगळं?" तिसरं, "बरं, आधी हातपाय धू." चौथं, "काय सांगतोस! कधी कळलं? नाव पुकारलं तेव्हा तू कुठे उभा होतास?" पहिल्या तिन्ही उत्तरांत वाईट हेतू नाही. दुसऱ्यात तर काळजीच आहे. पण आनंदाला जागा मिळते ती चौथ्यातच, कारण ते सगळं पुन्हा सांगताना मुलगा तो क्षण पुन्हा जगतो, आणि या वेळी सोबत कुणीतरी असतं. २००६ मध्ये प्रेमात असलेल्या जोडप्यांच्या अभ्यासात गेबल यांना आढळलं की दोन महिन्यांनंतर नातं कसं असेल याचा अंदाज वाईट बातमीवरच्या प्रतिसादापेक्षा चांगल्या बातमीवरच्या प्रतिसादातून जास्त चांगला बांधता येत होता. हे वाचल्यापासून कुणी आनंदाचं काही सांगू लागलं की मी हातातलं काम बाजूला ठेवते.

इतकं सगळं असूनही आपण फोन का उचलत नाही? 'मध्येच कसा करायचा', 'काय बोलायचं', 'त्यांना अवघड वाटेल'. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी लोकांना जुन्या मित्राशी पुन्हा संपर्क साधायला सांगितलं. फोनवर संकोच वाटेल, ईमेल बरा, असाच बहुतेकांचा कल होता. मग कुणी फोन करायचा आणि कुणी ईमेल, हे संशोधकांनी ठरवून दिलं. फोन करणाऱ्यांना जास्त जवळीक वाटली, आणि ज्याची भीती होती तो अवघडलेपणा काही वाढला नाही.

हा अभ्यास वाचला त्याच संध्याकाळी मी एका मैत्रिणीला फोन लावला. आमचं बोलणं सुटून सहा वर्षं झाली होती. भांडण नव्हतं, नुसतं राहून गेलं होतं. पहिलं वाक्य काय म्हणायचं ते मी कागदावर लिहून समोर ठेवलं होतं. तीन वेळा रिंग वाजली.

"अगं, तू?" ती म्हणाली. "थांब, थांब, ठेवू नकोस. गॅस बंद करून येते." मग तिच्या चपलांचा आवाज दूर गेला, आणि पळत परत आला.