शेतकरी संघटनेचा खुल्या बाजाराचा विचार

शेतमालाच्या व्यापारातून सरकारने बाजूला व्हावे, शेतकऱ्याला बाजाराचे व तंत्रज्ञानाचे स्वातंत्र्य मिळावे आणि त्याच्या मालमत्तेच्या हक्कावरची बंधने उठावीत, असे मानणारी महाराष्ट्रातील विचारधारा. शरद जोशी (१९३५–२०१५) यांच्या शेतकरी संघटनेने ती मांडली आणि वाढवली. भारतात मुक्त अर्थव्यवस्थेची बाजू बहुधा उद्योजक, वकील, अर्थतज्ज्ञ अशा शहरी मंडळींनी घेतली. महाराष्ट्रात ती कांदा, ऊस आणि कापूस पिकवणाऱ्यांनी छातीवर लाल बिल्ला लावून, महामार्ग आणि रेल्वे अडवून घेतली. अशी जनचळवळ या विचाराला देशात इतरत्र क्वचितच लाभली.

या विचाराचा पूर्वज म्हणजे स्वतंत्र पक्ष. काँग्रेसने जानेवारी १९५९ मध्ये नागपूर अधिवेशनात सहकारी संयुक्त शेतीचा ठराव केला. त्याला विरोध करत त्याच वर्षी चक्रवर्ती राजगोपालाचारी, मिनू मसानी, एन. जी. रंगा यांनी हा पक्ष काढला. १९६७ च्या लोकसभेत त्याचे ४४ खासदार होते. १९७४ मध्ये तो विसर्जित झाला. महाराष्ट्राच्या गावागावांत मात्र त्याचे बस्तान कधीच बसले नाही. इथले ग्रामीण राजकारण साखर कारखाना, जिल्हा बँक आणि बाजार समिती यांच्याभोवती फिरत होते.

जोशी टपाल खात्याचे अधिकारी होते. नंतर ते स्वित्झर्लंडमध्ये बर्न येथील जागतिक टपाल संघाच्या कार्यालयात नोकरीला होते. ती सोडून १९७७ मध्ये ते परतले आणि चाकणजवळ आंबेठाणला त्यांनी कोरडवाहू जमीन घेतली. पिकांचा हिशेब मांडू लागल्यावर त्यांना दिसले, की घरच्यांची मजुरी धरली तर शेती तोट्यातच जाते. त्या काळी यावर ठरलेली उत्तरे होती: शेतकरी अडाणी, आळशी, लग्नकार्यात पैसे उधळणारा. जोशींनी ती सगळी नाकारली. शेती तोट्यात जात नाही, ती तोट्यात ठेवली जाते, असे त्यांनी मांडले आणि त्यातूनच ‘शेतकऱ्यांचं मरण हेच सरकारचं धोरण’ ही घोषणा आली. ‘भीक नको, हवे घामाचे दाम’ ही दुसरी घोषणाही याच हिशेबाची. ‘इंडिया विरुद्ध भारत’ ही त्यांची मांडणीही इथलीच. तिला शहर विरुद्ध खेडे असे समजणे चूक आहे. शोषणाच्या व्यवस्थेवर जगणारा तो इंडिया, मग तो गावात राहत असला तरी.

या साऱ्याच्या मुळाशी ‘उणे सबसिडी’ ही संकल्पना आहे. खत, वीज, पाणी यांवर सरकार सवलत देते, ती सर्वांना दिसते. त्याच वेळी निर्यातबंदी, साठ्यावर मर्यादा, लेव्ही (ठरावीक भावाने सरकारला सक्तीने माल देणे), जिल्हाबंदी (जिल्ह्याबाहेर माल नेण्यास मनाई), स्वस्त आयात अशा उपायांनी शेतमालाचा देशातला भाव खुल्या बाजारातल्या भावाच्या खाली ठेवला जातो. हा तोटा कुठल्याच अर्थसंकल्पात लिहिलेला नसतो. दोन्हींची बेरीज केली की शेतकऱ्याच्या पदरात उणे रक्कम पडते. जागतिक व्यापार संघटनेला भारताने १९८६-८८ या आधारकाळाची जी आकडेवारी दिली, तीत पीकनिहाय मदतीची बेरीज उणे होती. आर्थिक सहकार्य आणि विकास संघटना (ओईसीडी) व दिल्लीतील संशोधन संस्था इक्रिअर यांच्या २०१८ च्या अहवालानुसार २०००-०१ ते २०१६-१७ या काळात भारतीय शेतीला मिळालेला एकूण आधार तिच्या ढोबळ उत्पन्नाच्या सरासरी उणे १४ टक्के होता. जोशींचे हे विधान कित्येक वर्षे प्रचारकी म्हणून झटकले गेले. आकड्यांनी त्याला दुजोरा दिला, ही बाब या नोंदीत ठळकपणे नोंदवणे आवश्यक आहे.

बाजार समितीच्या ओट्यावर याचे रूप ‘उलटी पट्टी’ हे असते: विक्रीच्या हिशेबाच्या चिठ्ठीत (पट्टीत) खर्च वजा जाता हाती जवळपास काही उरत नाही किंवा उलट देणेच निघते. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याने सोलापूरच्या बाजार समितीत ५१२ किलो कांदा विकला. भाव मिळाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, मोटारभाडे वजा जाता उरले २ रुपये ४९ पैसे, आणि हाती आला २ रुपयांचा धनादेश, तोही पुढच्या तारखेचा. ही पट्टी वर्तमानपत्रांत छापून आली म्हणून राज्याला कळली. खिशातून भाडे भरून परत येणाऱ्यांच्या पट्ट्या कुठे छापल्या जात नाहीत.

चळवळीची सुरुवातही कांद्यानेच झाली, चाकणला. नोव्हेंबर १९८० मध्ये नाशिक जिल्ह्यात ऊस-कांद्याच्या भावासाठी झालेल्या आंदोलनाने संघटना राज्यभर पोहोचली. खेरवाडीला पोलिसांच्या गोळीबारात शेतकरी मारले गेले. पुढच्या वर्षी निपाणीच्या तंबाखू आंदोलनातही गोळीबार झाला. या टप्प्यावर मागणी उत्पादन खर्चावर आधारित ‘रास्त भावा’ची होती, म्हणजे भाव सरकारने द्यावा अशी. नंतर संघटना खुल्या बाजाराकडे गेली, तेव्हा तिच्यावर कोलांटउडीचा आरोप झाला. तो पूर्णपणे खरा नाही. सरकार भाव पाडते आहे तोवर भरपाई त्याच्याकडेच मागायची आणि ते हात काढून घेणार असेल तर भरपाईचा आग्रह सोडायचा, असा जोशींचा युक्तिवाद होता. तरीही हमीभाव हवा की बाजार हवा, ही ओढाताण कार्यकर्त्यांच्या मनात कायम राहिली आणि संघटनेच्या फुटींमागे तिचाही वाटा आहे. राजू शेट्टी यांची स्वाभिमानी शेतकरी संघटना उसाच्या सरकारी दराच्या लढाईतच वाढली.

खरी कसोटी १९९० नंतर लागली. शेतीसह जागतिक व्यापार खुला करण्याच्या डंकेल प्रस्तावाला देशातल्या बहुतेक शेतकरी नेत्यांनी कडाडून विरोध केला. कर्नाटकातील एम. डी. नंजुंडस्वामी यांच्या रयत संघाने १९९२ मध्ये बंगळूरला कारगिल या बहुराष्ट्रीय कंपनीच्या कार्यालयावर हल्ला केला. जोशींनी मात्र प्रस्तावाचे स्वागत केले. जगाचा बाजार उघडला तर भारतीय शेतकऱ्याने भ्यायचे कशाला, हा त्यांचा सवाल होता. १९९४ मध्ये त्यांनी स्वतंत्र भारत पक्ष काढला. निवडणुकीत त्याला मोजकेच यश मिळाले.

विदर्भात या विचाराची लढाई कापूस एकाधिकार खरेदी योजनेशी होती. १९७२ पासून महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याने कापूस फक्त पणन महासंघालाच विकावा असा नियम होता. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी गाडी सीमेपलीकडे नेणे गुन्हा ठरे. काही हंगामांत योजनेचा भाव बाजारापेक्षा चढा असे, हेही खरे. अशा वर्षी परराज्यातला कापूसच इकडे येई. तोटा साचत गेला आणि नव्या शतकाच्या सुरुवातीला एकाधिकार संपला.

मालमत्तेच्या हक्काचा मुद्दा भावाच्या मुद्द्याइतकाच मूलभूत आहे, पण त्याची चर्चा कमी झाली. १९५१ च्या पहिल्या घटनादुरुस्तीने नववे परिशिष्ट आले आणि त्यातले कायदे मूलभूत हक्कांच्या कसोटीतून सुटले. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीने तर मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांतूनच काढला. महाराष्ट्रात सीलिंग (कमाल जमीनधारणा) कायद्याने बारमाही बागायत १८ एकर व जिराईत ५४ एकरांवर अडवली. कारखानदाराच्या भांडवलावर अशी मर्यादा नाही. सीलिंग, आवश्यक वस्तू आणि जमीन अधिग्रहण हे तीन कायदे रद्द व्हावेत, ही मागणी आज अमर हबीब यांचे किसानपुत्र आंदोलन लावून धरते.

या परंपरेला पुराणमतवादी म्हणणे चुकीचे ठरेल. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे प्रचंड अधिवेशन भरले आणि पुढे ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत हजारो शेतकऱ्यांनी पत्नीच्या नावे जमीन केली. मालकीशिवाय स्वातंत्र्य नाही, हे सूत्र घराच्या उंबऱ्याच्या आतही लागू करण्याची ही हिंमत होती. सरकारी राखीव जागांनी स्त्रीची सत्ता वाढत नाही, असे मानणाऱ्या जोशींनी मार्च २०१० मध्ये राज्यसभेत महिला आरक्षण विधेयकाविरुद्ध मत दिले. विधेयक १८६ विरुद्ध १ असे संमत झाले. तो एक म्हणजे जोशी.

तंत्रज्ञानाबाबतही हीच भूमिका. वांग्याच्या बीटी (किडीला प्रतिकार करणाऱ्या, जनुक बदललेल्या) वाणावर २०१० पासून स्थगिती आहे आणि तणनाशक सहन करणाऱ्या एचटीबीटी कापसाला परवानगी नाही. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकऱ्यांनी जाहीरपणे एचटीबीटी कापूस लावून सविनय कायदेभंग केला.

डाव्या आणि दलित चळवळींनी घेतलेला आक्षेप असा, की नगदी पिके घेणाऱ्या जमीनमालकांचेच हित संघटनेने सर्वांचे म्हणून मांडले आणि शेतमजूर बाजूला राहिला. भाव मिळाल्याशिवाय मजुरी वाढणार नाही, हे संघटनेचे उत्तर अर्धेच पुरते; वाढलेल्या भावातून मजुरी आपोआप वाढतेच असे नाही. बाजार समितीबाहेरचा व्यापारीही संगनमत करून भाव पाडू शकतो, याचा विचारही या मांडणीत पुरेसा झालेला नाही.

बाजार समितीबाहेरचा व्यापार, करार शेती आणि साठ्यावरची सूट यांविषयीच्या २०२० च्या तीन कृषी कायद्यांना संघटनेने पाठिंबा दिला. या कायद्यांवर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीत संघटनेचे अनिल घनवट सदस्य होते. समितीने मार्च २०२१ मध्ये अहवाल दिला. कायदे त्याच वर्षी नोव्हेंबरात मागे घेतले गेले आणि अहवाल घनवट यांनी मार्च २०२२ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला. पण कायदे लागू असतानाच घडले ते अधिक बोलके आहे. जून २०२० मध्ये साठ्यावरची बंधने सैल करणारा अध्यादेश निघाला, सप्टेंबरमध्ये कांद्याची निर्यात बंद झाली आणि ऑक्टोबरमध्ये साठ्यावर मर्यादा परतली. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभरा, गहू यांसह सात शेतमालांचे वायदे (पुढच्या तारखेचे सौदे) भांडवल बाजाराची नियामक संस्था सेबी हिने थांबवले. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, ८ डिसेंबरला पूर्ण बंदी आली आणि नाशिक जिल्ह्यातल्या बाजार समित्यांत लिलाव बंद पडले. मे २०२४ मध्ये लोकसभा निवडणुकीच्या धामधुमीत बंदी उठली. शुल्क त्या सप्टेंबरात २० टक्क्यांवर आले आणि १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाले. कांद्याबाबतचा यातला प्रत्येक फेरबदल संसदेच्या मतदानाविना, केवळ अधिसूचनेने झाला. म्हणूनच निर्यातीवर निर्बंध घालण्याचा सरकारचा अधिकारच मर्यादित करावा, ही मागणी भावाच्या कोणत्याही मागणीइतकीच महत्त्वाची ठरते.