घन सेंटीमीटरमधला ‘सेंटी’ तीनदा मोजायचा असतो

पावसाळ्यातल्या एका सकाळी पेपरात आपली नाशिककरांची नेहमीची बातमी होती, गंगापूर धरणातून विसर्ग वाढवला, इतके हजार क्युसेक, गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेपर्यंत पाणी. भाची आली होती, सहावीत आहे, समोर बसून गृहपाठ करत होती. तिने विचारलं, “मामा, क्युसेक म्हणजे किती लिटर?” मी सांगणार तेवढ्यात तिच्या वहीकडे नजर गेली. प्रश्न होता, २.५ घनमीटर = किती घसेमी (म्हणजे घन सेंटीमीटर)? आणि तिने उत्तर लिहिलं होतं २५०.

२५० घसेमी म्हणजे पाव लिटर, चहाचा एक मोठा मग. आणि अडीच घनमीटर म्हणजे गच्चीवरच्या हजार लिटरच्या अडीच टाक्या. मी तिला म्हटलं, अगं, अडीच टाक्या या मगात बसतील का? तिने लगेच खोडलं आणि २५०० लिहिलं. मग माझ्याकडे बघितलं, माझा चेहरा बघून अजून एक शून्य दिलं.

पोरगी हुशार आहे, यात तिची काही चूक नाही. तिला शिकवलीय ती शिडी, किलो हेक्टो डेका मीटर डेसी सेंटी मिली, एक पायरी खाली आलं की एक शून्य. मीटरपासून सेंटी दोन पायऱ्या, म्हणून दोन शून्यं. लांबीला ही शिडी एकदम बरोबर चालते, लिटर-मिलीलिटरलाही चालते, आणि मग घनफळाचा धडा येतो आणि तीच शिडी मुलांना तोंडावर पाडते. तेव्हा सांगतात की इथे एका पायरीला तीन शून्यं द्यायची, पाठ करा. का द्यायची ते कोणी सांगत नाही, आणि मला वाटतं सगळी गंमत त्या ‘का’मध्येच आहे.

तर आता नीट बघू. ‘घन सेंटीमीटर’ हा शब्द ऐकला की आपल्याला वाटतं की घनमीटरचा शंभरावा भाग. तसं नाहीये. आधी मीटरचा सेंटीमीटर करायचा आणि मग त्या सेंटीमीटरचा घन करायचा, म्हणजे १ सेमी लांब, १ सेमी रुंद, १ सेमी उंच असा ठोकळा. ‘सेंटी’ लांबीतही लागला, रुंदीतही आणि उंचीतही. शंभरावा भाग तीनदा घेतला. १०० × १०० × १०० = १०,००,०००, म्हणून एका घनमीटरात दहा लाख घसेमी. आणि ‘सेंटिलिटर’मध्ये मात्र सेंटी एकदाच लागतो, कारण लिटर हे मुळातच घनफळाचं एकक आहे, त्याचा परत घन करायचा नसतो. म्हणजे शिड्या दोन आहेत आणि त्यांच्या पायऱ्यांची उंची वेगळी आहे. मुलं एका शिडीवरून दुसरीवर जातात आणि पाय त्याच मापाने टाकतात. दोन शिड्यांना जोडणारी फळी एकच लक्षात ठेवायची, १ घन डेसिमीटर = १ लिटर.

हे तोंडी सांगून तिला अर्धवटच कळलं. मग आम्ही खोकं केलं. जुन्या लग्नपत्रिकेच्या जाड पुठ्ठ्याचे १० सेमी बाय १० सेमीचे पाच चौकोन कापले, कडा चिकटपट्टीने पक्क्या केल्या, आत पातळ प्लास्टिकची पिशवी. दुधाच्या अर्ध्या लिटरच्या दोन रिकाम्या पिशव्या धुवून ठेवल्या होत्या, त्यात पाणी भरून ओतलं. पहिली ओतली, निम्म्यापर्यंत आलं. दुसरी ओतली तर पाणी काठाच्या चांगलं बोटभर खाली थांबलं. ती म्हणाली, “मामा, बसलं आणि जागापण उरली, मग एक लिटर नाही ना?” बघितलं तर खोक्याच्या चारही भिंती फुगल्या होत्या, वरून बघितलं तर चौकोन गोलाकडे झुकलेला. परिघ तेवढाच ठेवून आकार गोल होत गेला की आतलं क्षेत्रफळ वाढतं, म्हणून तेच पाणी खाली बसलं होतं. चारही बाजूंना जाडजूड पुस्तकं टेकवून हळूहळू आत दाबली, आणि पाणी चढत चढत काठाला आलं. तिचा चेहरा बघण्यासारखा होता.

मग खोकं रिकामं केलं आणि तळाला आलेखाच्या कागदाचा तुकडा ठेवला, १० बाय १०, शंभर चौकोन. आता डोळ्यासमोर आणा. एका चौकोनावर १ सेमी उंचीचा ठोकळा ठेवला तर तो १ घसेमी, म्हणजेच १ मिलीलिटर. अशा दहा ठोकळ्यांची एक ओळ म्हणजे १० मिली, हाच सेंटिलिटर. अशा दहा ओळींचा एक थर, तळ पूर्ण झाकला, १०० मिली, हा डेसिलिटर. आणि असे दहा थर रचले की खोकं भरलं, १ लिटर. ओळ, थर, खोकं! लिटरची शिडी एका वेळी एकाच दिशेने दहापट वाढते, म्हणून पायरीला एक शून्य. घनाची शिडी एका उडीत तिन्ही दिशांना दहापट वाढते, म्हणून तीन शून्यं. हे मला स्वतःला शाळेत कळलं नव्हतं, मोठेपणी कधीतरी कळलं आणि तेव्हापासून मी भेटेल त्याला सांगत सुटलोय. डेसिलिटर घरात कुठे भेटतो म्हणाल तर रक्ताच्या रिपोर्टमध्ये, शुगर ११० मिलीग्रॅम प्रति डेसिलिटर म्हणजे रक्ताच्या एका ‘थरात’ ११० मिलीग्रॅम साखर.

यानंतर खोलीच्या कोपऱ्यात गेलो, जमिनीवर दोन बाजूंना आणि भिंतीवर उभी अशी खडूने एक-एक मीटरची खूण केली. आपलं लिटरचं खोकं या कोपऱ्यात किती वेळा बसेल? तळाला दहा, त्याच्या दहा ओळी, त्याचे दहा थर, हजार. म्हणजे १ घनमीटर = १००० लिटर, वजनाला एक टन. ती एकदम म्हणाली, “म्हणजे गच्चीवर एक टन ठेवलाय?” हो, ठेवलाय, आणि म्हणून टाकी खांबाच्या किंवा तुळईच्या वर ठेवतात, स्लॅबच्या मधोमध नाही.

आमच्या आजीकडे धान्य मोजायला चिपटं, मापटं, शेर, अधोली, पायली होती. प्रत्येक माप आधीच्याच्या दुप्पट, आणि भांडं हातात, म्हणून शाळेत न गेलेल्या बाईलाही रूपांतर यायचं. १९५६ च्या कायद्याने आपण मेट्रिक पद्धत घेतली ते फारच चांगलं झालं, पण भांडी गेली आणि मुलांच्या हातात फक्त शब्द आणि शून्यं राहिली असं मला मनापासून वाटतं.

लिटर आणि घन डेसिमीटर हे मुळात एकच, फ्रान्समध्ये १७९५ ला लिटरची व्याख्याच तशी केली होती. पण १९०१ मध्ये व्याख्या बदलून ‘सर्वाधिक घनतेच्या एक किलो पाण्याचं घनफळ’ अशी केली, आणि नंतर मोजल्यावर लक्षात आलं की ते १.००००२८ घन डेसिमीटर भरतंय. लिटरमागे २८ घन मिलीमीटरचा फरक, साधारण अर्धा थेंब. एवढ्याशा फरकासाठी १९६४ मध्ये जगभरच्या शास्त्रज्ञांनी परत जुनीच व्याख्या आणली. मला हे फार आवडतं.

आता क्युसेक. सेकंदाला एक घनफूट. इथेपण तीच युक्ती, फूट म्हणजे ३०.४८ सेमी, म्हणजे ३.०४८ डेसिमीटर. डेसिमीटरमध्ये घेतलं की घन केल्यावर थेट लिटर मिळतात. ३.०४८ × ३.०४८ × ३.०४८ = २८.३ लिटर. म्हणजे १ क्युसेक म्हणजे सेकंदाला वीस लिटरचे जवळपास दीड जार. दहा हजार क्युसेक सोडले तर सेकंदाला २ लाख ८३ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे अठ्ठावीस टँकर, दर सेकंदाला. गोदावरीवरच्या होळकर पुलावर उभं राहून हा आकडा मनात धरून पाण्याकडे बघा एकदा.

शून्यांचा विषय निघालाच आहे तर एक बोलतोच. होमिओपॅथीच्या बाटलीवर ‘३० सी’ लिहिलेलं असतं. त्याचा अर्थ मूळ औषधाचा एक भाग आणि ९९ भाग पाणी किंवा अल्कोहोल, त्यातला एक भाग घेऊन परत ९९ भाग, असं तीस वेळा. दर वेळी शंभरपट. आता १ घनकिमी म्हणजे एकावर पंधरा शून्यं इतके मिली, आणि पृथ्वीवरचे सगळे समुद्र मिळून साधारण १३३ कोटी घनकिमी, म्हणजे एकावर चोवीस शून्यं इतके मिली. शंभरपट बारा वेळा केलं की नेमकी चोवीस शून्यं होतात. म्हणजे १२ सी लाच एक मिली औषध सगळ्या समुद्रांत मिसळल्यासारखं झालं, आणि बाटलीवर तर ३० आहे. मुलांना रूपांतर आलं तर हा हिशोब ती स्वतः करतील, कोणी सांगायची गरज नाही.

द्राक्षवाल्यांच्या घरातल्या मुलांना तर हे रोज लागतं, फवारणीचं औषध लिटरला २ मिली तर २०० लिटरच्या टाकीला ४०० मिली. आणि तापाचं औषध पाजताना घरातला चमचा वापरू नका, चमचे लहानमोठे असतात, बाटलीसोबतच्या टोपणावर मिलीच्या खुणा असतात त्या बघा.

संध्याकाळी भाचीने स्वतःहून विचारलं, एक किलोमीटर लांब, रुंद, उंच खोकं केलं तर गंगापूर धरण त्यात बसेल का? मी म्हटलं, कर हिशोब. १ टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, म्हणजे २,८३२ कोटी लिटर. गंगापूर साधारण साडेपाच टीएमसीचं. घनकिमी म्हणजे १००० × १००० × १००० घनमीटर, शंभर कोटी घनमीटर, एक लाख कोटी लिटर. तिने भागाकार केला, ३५ टीएमसी आलं. शून्यं चुकली असतील म्हणून परत केला, परत ३५ च. गंगापूरसारखी सहा धरणं ओतली तरी ते खोकं भरत नाही, थोडी जागा उरते. मग तिने वही पुढे ओढली आणि सकाळचं उत्तर खोडून २५,००,००० लिहिलं.