गेज
गेज : माप, मापाची ठरलेली इयत्ता आणि मापण्याचे साधन या तिन्हींसाठी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. तो उत्तर फ्रान्सकडच्या जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला, एवढे निश्चित. त्यामागे काठी या अर्थाचा जर्मानिक शब्द असावा, असे काही जण मानतात. ‘व्युत्पत्ती अज्ञात’ म्हणणारे कोशकार अधिक सावध वाटतात. प्रेशर गेज, टायरचे गेज हे अर्थ परिचितच आहेत.

तारेचे गेज : येथे आकडा वाढतो तशी तार बारीक होते. तार एकामागून एक लहान छिद्रांतून ओढतात. जितक्या ओढी तितका नंबर, यावरून हा उलटा क्रम आला असावा. भारतात मोटार रिवाइंडिंगवाले (मोटारीची तांब्याची वेटोळी नव्याने भरणारे) एसडब्ल्यूजी (स्टँडर्ड वायर गेज), म्हणजे ब्रिटनमध्ये १८८४ साली कायदेशीर झालेले गेज मानतात. त्याच्या पायऱ्या समान नाहीत : १० ते ११ मध्ये ०.०१२ इंचाचा फरक, तर ४० ते ४१ मध्ये ०.०००४ इंचाचा. अमेरिकन एडब्ल्यूजीत (अमेरिकन वायर गेज) मात्र लागोपाठच्या व्यासांत एकच गुणोत्तर चालते. तीन नंबर पुढे गेले की तारेच्या छेदाचे क्षेत्रफळ जवळपास निम्मे होते.

घोटाळा नेमका येथे होतो. २० नंबरची तार एसडब्ल्यूजीत ०.९१४ मिमी, एडब्ल्यूजीत ०.८१२ मिमी. नंबर पाहून दुसरी भरली तर तांबे सुमारे २१ टक्के कमी पडते, रोध वाढतो आणि मोटार तापते. तार इनॅमलसकट (वरच्या विद्युतरोधक लेपासकट) मोजली तर २२ नंबरची (०.७११ मिमी) २१ च्या (०.८१३ मिमी) जवळ भासते. म्हणून टोक जाळून, कापडाने पुसून स्क्रूगेजने (मायक्रोमीटरने) मोजावे. पॉलिशपेपरने घासल्यास तांबेही जाते. गोल चकतीच्या गेजमध्ये माप खाचेचे असते; खाचेच्या तळाचे गोल भोक केवळ तार बाहेर काढण्यासाठी.

पत्र्यालाही गेजच लावतात, पण नंबराचा तक्ता धातूगणिक बदलतो. ऑर्डर मिलिमीटरमध्ये द्यावी.

रेल्वेचे गेज : दोन रुळांच्या आतल्या कडांमधले अंतर, मध्यापासून मध्यापर्यंतचे नव्हे. १,४३५ मिमीचे प्रमाण गेज रोमन रथांच्या चाकोरीतून आले, ही कथा लोकप्रिय असली तरी पुरावा तोकडा आहे. इंग्लंडच्या कोळसाखाणींतील ४ फूट ८ इंची गाडीवाटा आणि पुढे चाकांच्या मोकळिकीसाठी वाढवलेला अर्धा इंच, हे स्पष्टीकरण अधिक ग्राह्य. भारतासाठी गव्हर्नर-जनरल लॉर्ड डलहौसीला ६ फूट हवे होते. ठरले ५ फूट ६ इंच (१,६७६ मिमी), आणि १८५३ ची बोरीबंदर–ठाणे गाडी त्यावरच धावली. मीटर गेज (१,००० मिमी) १८७० च्या सुमारास काटकसरीसाठी आले. नॅरो गेज एक नव्हे : जुनी बार्शी लाइट रेल्वे ७६२ मिमीची, नेरळ–माथेरान ६१० मिमीची.

बंदुकीचे गेज (बोअर) : नळीच्या व्यासाइतक्या जितक्या शिसाच्या गोळ्या एका पौंडात बसतात तो आकडा. म्हणून बारा बोअरची नळी (सु. १८.५ मिमी) वीस बोअरपेक्षा रुंद. ‘४१०’ बोअरला हा नियम लागू नाही, तो इंचातला व्यास (०.४१० इंच) आहे.