कृपादृष्टी कोणावर होते? एका जुन्या ख्रिस्ती प्रश्नाची पार्श्वभूमी

बायबलमधली गोष्ट आहे. वीस वर्षांनी याकोब आपल्या मुलखाकडे परत निघाला होता. ज्या भावाला फसवून तो पळाला होता, तो एसाव चारशे माणसे घेऊन समोरून येतोय अशी खबर आली, आणि घाबरलेल्या याकोबाने नजराणा पुढे धाडला: २०० शेळ्या, २० बोकड, २०० मेंढ्या, २० एडके, पिलांसह ३० सांडण्या, ४० गाई, १० बैल, २० गाढवी, १० गाढवे. कळपाकळपांत अंतर ठेवायला सांगितले, म्हणजे भेटीमागून भेट पोचावी आणि भावाचा राग उतरत जावा. हे सगळे कशाला, असे एसावाने विचारले. स्वामीची माझ्यावर कृपादृष्टी व्हावी म्हणून, याकोब म्हणाला. उत्पत्ती या बायबलच्या पहिल्या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायातला क्रम मात्र नीट पाहावा. हा सवाल-जवाब होण्याआधीच एसावाने धावत येऊन भावाला मिठी मारली होती, दोघेही रडले होते.

देवाची कृपा कमवावी लागते की आधीच झालेली असते, हा ख्रिस्ती धर्मविचारातला सर्वांत लांबलेला वाद. त्याचे बीज मला या प्रसंगात दिसते. ‘कृपादृष्टी होणे’ हा हिब्रू शास्त्रात, म्हणजे बायबलच्या जुन्या करारात, मुळात दरबारी आणि घरगुती व्यवहार आहे. रूथ परक्या शेतात सरवा वेचते आणि मालक बवाज तिची विचारपूस करतो. एस्तेर पारसाच्या राजासमोर उभी राहते. योसेफावर तुरुंगाच्या अधिकाऱ्याची मर्जी बसते. एक वर, एक खाली, आणि वरच्याने नजर वळवली तरच खालच्याचा निभाव. हीच भाषा देवाबद्दल आली की ती महापुरातून वाचलेल्या नोहापासून सुरू होते. उत्पत्ती ६:८ म्हणते, नोहावर परमेश्वराची कृपादृष्टी झाली. तो नीतिमान होता हे पुढच्या, नवव्या वचनात येते. नववे वचन आठव्याचे कारण की परिणाम, यावर भाष्यकारांत दोन तट आहेत. मी परिणाम मानणाऱ्यांच्या बाजूचा.

निर्गम या दुसऱ्या पुस्तकाच्या ३३व्या अध्यायात तर कृपा मागण्याची वेळच विलक्षण आहे. इस्राएल लोकांनी देवाला सोडून नुकतेच सोन्याचे वासरू पुजले आहे. त्यांचा पुढारी मोशे देवाला म्हणतो, माझ्यावर तुझी कृपादृष्टी असेल तर आमच्याबरोबर चल, हे लोक तुझेच आहेत. ज्याच्यावर कृपा झाली तो ती स्वतःपुरती ठेवत नाही, ज्यांनी ती गमावली त्यांच्यासाठी वापरतो.

नव्या करारात देवदूत नासरेथच्या एका मुलीला, येशूची आई होणाऱ्या मरीयेला, सांगतो की तिच्यावर देवाची कृपा झाली आहे. लूकने तोवर तिचा एकही गुण सांगितलेला नाही. गाव, वाग्दत्त वर आणि नाव, एवढेच. पुढच्याच अध्यायात म्हातारा शिमोन तिला सांगतो की तुझ्या जिवातून तलवार आरपार जाईल. कृपा झालेल्या बाईच्या वाट्याला गोठा आला, मुलाला घेऊन मिसरात पळणे आले, शेवटी वधस्तंभाखाली उभे राहणे आले. कॅथलिक परंपरेने देवदूताच्या त्या अभिवादनात मरीया कृपेने परिपूर्ण असल्याची ग्वाही वाचली आणि ८ डिसेंबर १८५४ रोजी पोप नववे पायस यांनी तिच्या निष्कलंक गर्भसंभवाचा, म्हणजे गर्भात आल्यापासूनच ती मूळ पापापासून मुक्त असल्याचा, सिद्धांत जाहीर केला. प्रोटेस्टंट वाचक मात्र तिला कृपा मिळालेली म्हणून मानतात, कृपेचा साठा म्हणून नव्हे.

मोठा झाल्यावर येशू त्याच नासरेथच्या सभास्थानात उभा राहून यशयाच्या ग्रंथातून परमेश्वराच्या कृपेच्या वर्षाची घोषणा वाचतो. लोक खूश होतात. मग तो आठवण करून देतो की दुष्काळात एलीया या संदेष्ट्याला सारफथच्या विधवेकडे पाठवले होते आणि कोड बरे झाले ते सीरियाच्या नामानाचे, दोघेही परके. ऐकणारे खवळतात आणि त्याला कड्यावरून ढकलून द्यायला नेतात. आपल्यावर कृपा व्हावी हे सगळ्यांनाच हवे असते. ती परक्यांवरही होते हे सोसत नाही.

येशूचा प्रेषित पौल याने हा मुद्दा टोकाला नेला. रोमन जगात देणगी द्यायची ती लायक माणसाला, अशी रीत होती. देणाऱ्याची प्रतिष्ठा त्यावर ठरायची. रोमकरांस लिहिलेल्या पत्राचा पाचवा अध्याय म्हणतो की आपण पापी असतानाच ख्रिस्त आपल्यासाठी मरण पावला. म्हणजे नालायकाला देणगी. त्या काळच्या सभ्य कानांना हे बेजबाबदार वाटले असणार, आणि पौलाला स्वतःलाच पुढे विचारावे लागले: मग कृपा वाढावी म्हणून पाप करत राहायचे काय?

तीनशेहून अधिक वर्षांनी हाच पेच रोममध्ये उघड भांडण होऊन आला. उत्तर आफ्रिकेतल्या हिप्पोचा बिशप ऑगस्टीन याने आपल्या आत्मकथनात देवाला विनवले होते की तू जी आज्ञा करतोस ती पाळण्याचे बळ दे, मग हवी ती आज्ञा कर. रोममध्ये एका बिशपने हे वाक्य पेलागियसपुढे उच्चारले आणि तो भडकला. पेलागियस ब्रिटनहून आलेला, कडक आचरणाचा माणूस. रोममधल्या सैल ख्रिस्ती जगण्यावर त्याचा राग होता. देवच बळ देणार असेल तर माणसाने हातपाय का हलवावेत? या प्रश्नात प्रामाणिकपणा होता, आणि इतिहासाने पेलागियसला दिलेली खलनायकाची भूमिका मला अन्यायाची वाटते. पण ऑगस्टीनला स्वतःचे मन माहीत होते. चांगले हवेसे वाटण्याइतकीही ताकद आपल्यात नव्हती, ती इच्छाच देणगी होती, असे त्याचे म्हणणे. ४१५ मध्ये पॅलेस्टाईनमधल्या परिषदेत पेलागियस निर्दोष सुटला. ४१८ मध्ये कार्थेजच्या परिषदेने त्याची शिकवण धिक्कारली. ५२९ मध्ये फ्रान्समधल्या ऑरेंज इथल्या परिषदेने श्रद्धेची पहिली हालचालसुद्धा कृपेनेच होते असा निर्वाळा दिला.

कागदावर प्रश्न सुटला, माणसांच्या मनात नाही. मध्ययुगात धर्मपंडित थॉमस अक्विनासने कृपेला आत्म्यात उतरणारा, माणसाला देवाला आवडेल असा घडवणारा गुण म्हणून मांडले. पंधराव्या शतकात जर्मनीतल्या ट्यूबिंगेनचा धर्मपंडित गाब्रिएल बील शिकवत होता की माणसाने आपल्याकडून होईल तेवढे करावे, देव त्याला कृपा नाकारत नाही. ऐकायला दिलासा. पण ‘होईल तेवढे’ झाले की नाही, हे ठरवायचे कोणी?

एर्फुर्टच्या मठातला तरुण साधू मार्टिन ल्यूथर या प्रश्नात पुरता अडकला. उपास, थंडीत जागरण, आणि पापनिवेदन कधी कधी सलग सहा तास. खोलीवर परतला की एखादे विसरलेले पाप आठवे आणि पुन्हा धाव. त्याचा वरिष्ठ योहान फॉन श्टाउपित्झ त्याला समजावी की देव तुझ्यावर रागावलेला नाही, तूच देवावर रागावला आहेस. पुढे रोमकरांस पत्रातल्या १:१७ या वचनावर डोके आपटत असताना त्याला उमगले की देवाचे नीतिमत्त्व ही मागणी नसून देणे आहे. १५१७ चा, चर्च पैसे घेऊन देत असलेल्या पापाच्या दंडमाफीच्या पत्रांवरचा वाद, ज्यातून पुढे प्रोटेस्टंट पंथ निघाले, सगळ्यांना ठाऊक असतो. त्यामागे हा घाबरलेला साधू होता हे मागे पडते.

१५२१ मध्ये त्याचा सहकारी फिलिप मेलांख्थॉन याने कृपेची व्याख्या केली ती देवाची आपल्यावरची मर्जी अशी. आत्म्यातला गुण नव्हे. १३ जानेवारी १५४७ रोजी कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने नेमका हाच मुद्दा पकडून, कृपा म्हणजे केवळ देवाची मर्जी असे म्हणणाऱ्याला बहिष्कृत ठरवले. मात्र त्याच ठरावांतला पहिलाच नियम सांगतो की कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी कोणी नीतिमान ठरत नाही. दोन्ही बाजूंचे भांडखोर हा नियम सोयीने विसरत आले. अखेर ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्गमध्ये लुथरन जागतिक संघ आणि कॅथलिक चर्च यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या: आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, कृपेनेच देव आपल्याला स्वीकारतो. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड या इतर प्रोटेस्टंट मंडळ्यांचे जागतिक संघ त्यात सामील झाले.

मराठी वाचकाला हा प्रश्न अगदी जवळून पाहायचा असेल तर पंडिता रमाबाईंकडे पाहावे. इंग्लंडमध्ये असताना लंडनच्या फुलम भागात, समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांना मठातल्या भगिनी मायेने सांभाळतात, हे त्यांनी पाहिले. असे का करता, असे विचारल्यावर त्यांना येशू आणि यहुदी ज्यांना तुच्छ मानत त्या जमातीतल्या शोमरोनी स्त्रीची गोष्ट वाचून दाखवण्यात आली. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. एवढ्याने प्रवास संपला असे आपण समजतो. पण १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या साक्षीत त्या सांगतात की ख्रिस्ती धर्म आपल्याला सापडला होता, ख्रिस्त नव्हे, हे कळायला बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षे गेली. तोवर त्या शारदा सदन उभारून झाल्या होत्या, विधवांना आधार देत होत्या, टीका सोसत होत्या. सत्कर्मांची त्यांच्याकडे कमी नव्हती. त्यातले काहीही देवापुढे मांडायचे नाही, हे शिकणे त्यांना अवघड गेले. त्यानंतर केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले, म्हणजे काम थांबले नाही, उलट वाढले. पेलागियसच्या प्रश्नाला याहून सरळ उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत कृपेचा आणखी एक अर्थ जोर धरू लागला. ओरल रॉबर्ट्स, केनेथ हेगिन अशा प्रचारकांच्या शिकवणीतून देवाची मर्जी म्हणजे आरोग्य, पैसा, बढती, असे समीकरण रुजले. श्रद्धेने दान पेरा, पीक येईल. ही शिकवण आफ्रिकेत, लॅटिन अमेरिकेत आणि आपल्याकडच्या शहरी प्रार्थनासभांतही पोचली. गरिबाला देव तुझ्या पोटाची काळजी करतो असे सांगणे चूक नाही. बायबलही ते सांगते. पण आजारी राहिलेल्या माणसाला तुझीच श्रद्धा कमी पडली, असे ऐकावे लागते तेव्हा बीलचा ‘होईल तेवढे’ नव्या कपड्यात परत येतो आणि एर्फुर्टच्या साधूची भीती रुग्णाच्या खाटेशी येऊन बसते. घानातल्या आक्रोपोंग इथे २००८ आणि २००९ मध्ये लोझान या जागतिक ख्रिस्ती चळवळीच्या आफ्रिकी अभ्यासकांनी या शिकवणीची तपासणी केली आणि ऐहिक संपत्ती हा देवाच्या आशीर्वादाचा पुरावा नव्हे, गरिबी हा त्याच्या नाराजीचा नव्हे, असे स्पष्ट मांडले. जिथे ही शिकवण सर्वांत वेगाने पसरली, त्याच खंडातल्या ख्रिस्ती लोकांनी हे लिहिले.