पाल्याची छाटणी वेगळी, फळाची वेगळी: दारातल्या तुतीला कोणती करायची?

आपल्या बीड-जालन्याकडं आता गावोगाव रेशीम झालंय, जालन्यात तर कोषांचा बाजारच भरतो, त्यामुळं तुतीचं बेणं कुणाकडूनही मिळतं आणि लोक हौसेनं दारात लावतेत. पण बेण्यासोबत छाटणीचा सल्लाबी रेशीमवाल्याचाच येतो. तो त्याच्या शेतात एकदम बरोबर, दारातल्या झाडाला मात्र नुकसानीचा.

रेशीमवाल्याला पाला पाहिजे, फळ नाही. तो जमिनीपासून वीतभर खोड ठेवून सगळं कापतो, दोन-अडीच महिन्यांनी परत कापतो, मग खालून सरळ जोमदार फांद्या फुटतेत आणि पाल्यासकट शेडमध्ये अळ्यांपुढं जातेत. थोडंफार फळ धरलंच तरी पिकायच्या आत फांदी गेलेली असते.

आपल्याला पोरांसाठी फळ पाहिजे. तुतीचं फळ नव्या फुटीवर येतं हे खरंय, पण ती फूट निघते आधीच्या हंगामात पक्व झालेल्या काडीच्या डोळ्यातून, अन् ती काडीच तुम्ही सारखी बुडातून कापत राहिलात तर फळ धरणार कुठं? म्हणून कमरेएवढं खोड ठेवायचं, त्यावर तीन-चार मुख्य फांद्या. मोठी छाटणी जूनमध्ये, पाऊस पडल्यावर, भर मे महिन्यात अजिबात नको कारण उघड्या पडलेल्या फांद्यांची साल उन्हानं भाजते. पावसाळाभर झाडाला वाढू द्यायचं. मग जानेवारीच्या आसपास नुसते शेंडे मारायचे, राहिलेला पाला हातानं काढायचा आणि पाणी द्यायचं, नवी फूट फळं घेऊनच येते. कटरला धार पाहिजे, आणि मनगटाएवढी फांदी उगाच कापू नका, चीक गळतो, जखम लवकर भरत नाही.

एक गोष्ट छाटणीच्याबी आधीची. शेतातली व्ही-१ जात म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संस्थेनं पाल्यासाठी काढलेली, तिच्याकडून फळाची लई आशा धरू नये. शिवाय तुतीत नर झाड वेगळं असू शकतं, त्याला कशीबी छाटणी करा, फळ नाहीच. म्हणून ज्या झाडाला स्वतः फळ बघितलंय त्याचीच पेन्सिलीएवढी जाड, तीन-चार डोळ्यांची काडी आणा.

आणि शेजारी रेशीम असेल तर घरच्या तुतीवर कीटकनाशक मारू नका, पाला कमी पडला की तो माणूस तुमच्याच दारात येतो, आणि औषधाच्या पाल्यानं त्याच्या अळ्या मरतेत.