मारबत पुढे गेली, फोनवर यायचीच आहे

नागपुरात तान्ह्या पोळ्याला नेहरू पुतळ्याजवळ पिवळी आणि काळी मारबत, म्हणजे मिरवणुकीतले दोन मोठे पुतळे, समोरासमोर येतात, तेव्हा घरी ‘लाइव्ह’ पाहणाऱ्याला ते वीस-तीस सेकंदांनी दिसतं. गर्दीत उभ्या असलेल्या भावाला व्हिडिओ कॉल लावला, तर जवळपास लगेच. टॉवर तोच, फोनही तोच. फरक पडतो एका जुन्या निवडीमुळे.

इंटरनेटवर व्हिडिओ छोट्या-छोट्या पॅकेटांत येतो. ती थेट पाठवण्याची १९९६ साली आलेली पद्धत म्हणजे आरटीपी. तिचा खाक्या साधा होता: पॅकेट हरवलं तर हरवलं, उशिरा आलेली फ्रेम काय कामाची? आजचे व्हिडिओ कॉल त्याच वळणाचे. वेबपानं ज्याच्यावर चालत आली तो टीसीपी हा नियम मात्र हरवलेलं पुन्हा मागवतो आणि तोवर मागचं सगळं अडवून धरतो. शिवाय पॅकेट हरवलं की रस्ता तुंबला, असा त्याचा जुना समज. तारेच्या जाळ्यात तो बहुधा खरा ठरतो. बिनतारीत मात्र भिंत, माणसांची गर्दी, शेजाऱ्याचं वायफाय, कशानेही पॅकेट जातं. रस्ता मोकळा असतानाही ब्रेक लागतो. वायफाय आणि मोबाइल नेटवर्क आतल्या आत पॅकेट पुन्हा पाठवून हे बरंच झाकतात, पण त्यातही वेळ जातोच.

तरीही २००९ नंतर व्हिडिओ दाखवणारे बहुतेक सगळे टीसीपीकडेच वळले. व्हिडिओचे दहा-दहा सेकंदांचे तुकडे, प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या दर्जांत तयार. फोन झेपेल तो उचलतो. २०१२ मध्ये डॅश हे आंतरराष्ट्रीय मानकही याच धर्तीवर आलं. साधा वेब सर्व्हर पुरतो, नेटवर्कची राखण करणारा फायरवॉल आडवा येत नाही, एकच साठवलेला तुकडा लाखोंना देता येतो. पण प्लेअर आधी तीन तुकडे जमवायचा, म्हणजे तीस सेकंद तिथेच गेले. सिनेमासाठी झकास सौदा. थेट प्रक्षेपणासाठी, माझ्या मते, महागाचा. चित्र अडकलं का, हे सगळे मोजत राहिले. किती शिळं झालं, हे फारसं कुणी विचारलं नाही.

पुढे २०१६ मध्ये, पॅकेट हरवण्याऐवजी प्रत्यक्ष वेग आणि विलंब मोजून चालणारी पद्धत आली. २०१९ मध्ये तुकड्यांचेही तुकडे पाडून उशीर दोन-चार सेकंदांवर आणायचा मार्ग निघाला. २०२०च्या लॉकडाउनमध्ये आपल्याकडच्या मोठ्या ॲप्सनी मोबाइलवरचं चित्र काही काळ ४८०पी या कमी दर्जावर उतरवलं.

ऑक्टोबर २०२२ मध्ये ५जी आलं, तेव्हा एका कंपनीच्या पहिल्या आठ शहरांत नागपूर होतं. मात्र या ५जीच्या मुख्य पट्ट्यात एकाच लहरीवर वेळ वाटून घ्यावा लागतो: डाउनलोडला मोठा वाटा, अपलोडला लहान. इतवारीत हजारो हात फोन वर धरून ‘लाइव्ह’ करतात, तेव्हा ओढाताण होते ती त्या लहान वाट्यासाठी.