पदकाच्या कडेवरून सैनिकाची नोकरी आणि आजारपण कसं शोधायचं

घरात पहिल्या महायुद्धातलं ब्रिटिश सैनिकाचं पदक असेल तर आधी त्याची कड बघा. भिंग घ्या, उजेडात पदक हळूहळू फिरवा, नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट बारीक ठोकलेलं दिसेल, स्टार म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं पदक असेल तर हेच मागच्या बाजूला असतं. आणि प्लीज पॉलिश लावून घासू नका, अक्षरं झिजतात! नावापेक्षा नंबर जपा, एका नावाचे ढीगभर सैनिक निघतात.

पुढचं काम लंडनच्या क्यू (Kew) भागातल्या नॅशनल आर्काइव्ह्जचं, म्हणजे ब्रिटनच्या सरकारी दफ्तरखान्याचं. पात्रता वगैरे काही नाही, नातेवाईक नसलात तरी चालतं. डब्ल्यूओ (वॉर ऑफिस, म्हणजे तेव्हाचं युद्धखातं) ३७२ या कागदांच्या मालिकेत मेडल इंडेक्स कार्ड, म्हणजे सैनिकाच्या पदकांची नोंद असलेलं कार्ड शोधायचं, घरून डाउनलोडला पैसे पडतात, क्यूला जाऊन बघितलं तर फुकट. तिथे मूळ कागद हातात हवे असतील तर रीडर तिकीट काढावं लागतं, म्हणून ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा सोबत ठेवा. कार्डावर दोन नंबर दिसले तर गोंधळू नका, टेरिटोरियल फोर्सवाल्यांना, म्हणजे अर्धवेळ स्वयंसेवक सैनिकांना, १९१७ मध्ये नवे नंबर मिळाले, दोन्हीने शोधा. १९१५ संपायच्या आत आघाडीवर पोचलेल्याच्या कार्डावर तिथे उतरल्याची तारीख आणि त्या आघाडीचा कोडही असतो, उदाहरणार्थ २बी म्हणजे तुर्कस्तानातलं गॅलिपोली.

आता आजारपण, आणि माझ्या मते खरा माणूस इथेच भेटतो. पदकांसोबत सिल्व्हर वॉर बॅज, म्हणजे जखम किंवा आजारामुळे सैन्यातून सुटलेल्यांना मिळणारा चांदीचा बिल्ला असेल किंवा कार्डावर त्याची नोंद असेल तर त्याचा रोल, म्हणजे बिल्ला मिळालेल्यांची यादी काढा, त्यात भरतीची आणि डिस्चार्जची तारीख असते, कारणही असतं पण बहुतेकदा एवढंच की जखम की आजार. आजार कुठला ते डब्ल्यूओ ३६४ च्या पेन्शन कागदांत मिळू शकतं, त्यात मेडिकल बोर्डाचा फॉर्म मिळाला तर तो सावकाश वाचा, आजार कधी आणि कुठे सुरू झाला, नोकरीमुळे झाला का, असे प्रश्न त्यात असतात आणि त्या उत्तरावर बिचाऱ्याची पेन्शन ठरायची. पीयूओ लिहिलं असेल तर कारण न कळलेला ताप, डीएएच म्हणजे हृदयाच्या कामात बिघाड. नोकरीची मुख्य फाइल डब्ल्यूओ ३६३ मध्ये असते, पण सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात त्यातली निम्म्याहून जास्त जळाली, त्यामुळे तिथे नाही मिळालं तर लगेच हार मानू नका, पेन्शनचे कागद वेगळे होते ते वाचले.

ऑफिसर असेल तर मात्र डब्ल्यूओ ३३९ आणि ३७४ बघायचं, आणि त्याचं कार्डच नसेल तरी घाबरू नका, ऑफिसरांना पदकासाठी स्वतः अर्ज करावा लागायचा आणि सगळ्यांनी तो केला नाही.